नवं घर, तापणारा स्लॅब: इन्सुलेशनचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि बैठ्या घराला सगळ्यात जास्त ऊन सोसावं लागतं ते गच्चीवर. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत खालच्या खोलीत उष्णता सोडत राहतो. पंखा मग तीच गरम हवा फिरवतो. नव्या घरात हे टाळता येतं, पण निर्णय बांधकाम चालू असतानाच घ्यावा लागतो.

गैरसमज : इन्सुलेशन थंड देशांसाठी असतं.
वस्तुस्थिती : इन्सुलेशन उष्णतेची वाट अडवतं, मग ती आत येणारी असो की बाहेर जाणारी. आपल्याकडे घरांच्या ऊर्जाबचतीसाठीच्या २०१८ च्या ‘इको निवास संहिते’ने छपराची यू-व्हॅल्यू १.२ पेक्षा जास्त नसावी असं सांगितलं आहे. आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना दर चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता शिरते, ते हा आकडा सांगतो. नुसत्या सहा इंची स्लॅबला तो तीनच्या वर जातो.

गैरसमज : स्लॅब जाड घातला, वर कोबा केला की पुरे.
वस्तुस्थिती : काँक्रीट उष्णता साठवतं आणि उशिरा सोडतं, अडवतं फार थोडी. दोन इंची एक्सपीएस (दाट फोमच्या) शीटइतका अडथळा काँक्रीटने करायचा तर स्लॅब आठ फुटांहून जाड लागेल. विटांच्या तुकड्यांचा कोबा मुळात उतारासाठी आणि गळती रोखण्यासाठी असतो. त्याने थोडा फरक पडतो, पण ओल धरली की तोही कमी होतो.

गैरसमज : गच्चीला पांढरा रंग दिला की झालं.
वस्तुस्थिती : चुना, पांढरा परावर्तक रंग किंवा पांढरं चायना मोझॅक ऊन परतवतं. उपाय स्वस्त आणि चांगला आहे, जरूर करावा. मात्र धूळ बसली की परिणाम घटतो, म्हणून गच्ची धुवावी लागते. शिवाय जी उष्णता शिरते, तिला रंग अडवत नाही. इन्सुलेशन आणि त्यावर पांढरा पृष्ठभाग, ही जोडी उत्तम.

गैरसमज : खालून पीओपी सिलिंग केलं तरी तेच.
वस्तुस्थिती : सिलिंगने खोलीला थोडा आराम मिळतो, पण स्लॅब उन्हातच राहतो. रोज तापून फुगण्या-आकसण्याने त्याला आणि वॉटरप्रूफिंगला तडे जाऊ शकतात. इन्सुलेशन वरून केलं तर दोन्ही जपले जातात. स्लॅब, उतार, वॉटरप्रूफिंग, एक्सपीएस, त्यावर काँक्रीटचा पातळ थर आणि फरशी, असा क्रम ठेवता येतो. एक्सपीएस पाणी फार कमी शोषतं, म्हणून ते इथे चालतं. ग्लासवूल मात्र भिजलं की निकामी होतं.

गैरसमज : जितकं जाड, तितकं चांगलं.
वस्तुस्थिती : एक इंच थर्माकोलने स्लॅबची यू-व्हॅल्यू सुमारे ३.३ वरून १ वर येते. दुसऱ्या इंचाने ती साधारण ०.६ होते. फायदा आहे, पण पहिल्या इंचाइतका नाही. पुढचा पैसा पश्चिमेच्या खिडकीवरचा छज्जा आणि त्या भिंतीला एएसी (हलके, सच्छिद्र काँक्रीटचे) ब्लॉक यांवर खर्च करावा.

सगळे थर मिळून गच्ची चार-पाच इंच वर येते. जिन्याच्या दाराचा उंबरठा, पाण्याचे पाईप आणि पॅरापेटची उंची त्या हिशेबाने आधीच ठरवावी. हा विषय इंजिनिअरपुढे नकाशाच्या वेळीच काढा. फरशी बसल्यावर हेच काम तोडफोडीचं होतं.