रक्तांतील पहारेकरी
पाथरीच्या शिवारांत कापूस वेचणाऱ्याच्या पायांत बाभळीचा काटा मोडला, कीं सायंकाळपर्यंत ती जागा लाल होऊन ठणकूं लागते. ही सूज म्हणजे शरीराचा बंदोबस्तच होय. जंतूंची चाहूल लागतांच रक्तांतील 'पूरक' प्रथिनें दुभंगतात. त्यांतील 'सी-५-ए' हा तुकडा श्वेतपेशींवरील ग्राहकांत कुलपांतील किल्लीप्रमाणें बसला, म्हणजे त्या पेशी जखमेकडे धांव घेतात. तांबड्या पेशींवरील 'सी-आर-१' हा ग्राहक जंतू व प्रतिद्रव्यें यांचे पुंजके यकृताकडे पोंचवितो. पहिला ग्राहक अनावर चेतला, तर निरोगी भागही होरपळतो. ल्यूपस रोगांत दुसरा कमी आढळतो, आणि शरीराच्याच घटकांचे पुंजके मूत्रपिंडांत सांचून दाह करितात. यास्तव न ओसरणारी सूज डॉक्टरांस अवश्य दाखवावी.