एकट्या होडीतला शेवंडवाला

शेवंड कोकणच्या कोळ्याला नवी नाही. लांब मिशांची, काटेरी पाठीची ही शेवंड रत्नागिरी-मालवणच्या किनाऱ्यावर आणि मुंबईच्या ससून डॉकवर परिचयाची आहे. मात्र आपल्या शेवंडीला नांग्या नसतात. उत्तर अटलांटिक महासागराच्या अमेरिकी किनाऱ्यावर सापडणारी शेवंड दुसऱ्या कुळातली. तिला पुढे दोन दणकट नांग्या असतात. एक जाड, शिंपले फोडण्यासाठी, आणि दुसरी धारदार, मांस कातरण्यासाठी. थंड पाण्यात, खडकांच्या कपारीत ती राहते. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला असलेल्या मेन या राज्यात या शेवंडीवर हजारो कुटुंबे जगतात, आणि त्यांच्यापैकी पुष्कळांची होडी एकाच माणसाने चालविलेली असते.

मेनचा किनारा नकाशावर लहान दिसतो, परंतु बेटे, खाड्या आणि खाचाखोचा मोजल्या तर त्याची लांबी साडेपाच हजार किलोमीटरांच्या घरात जाते. खडक ग्रॅनाइटचा, पाणी उन्हाळ्यातही अंगावर शहारा आणणारे, आणि भरती-ओहोटीतला फरक मोठा. धुके उतरले की होडीचे पुढचे टोकही दिसेनासे होते. अशा ठिकाणी मोठ्या जहाजांची मासेमारी अवघड. लहान होडीला मात्र ही जागा जणू आखून दिलेली आहे.

एकट्या शेवंडवाल्याचा दिवस पहाटे साडेचारच्या सुमारास सुरू होतो. रेडिओवर वाऱ्याचा आणि लाटांचा अंदाज ऐकावा, धक्क्यावरून आमिषाच्या बादल्या होडीत घ्याव्यात आणि इंजिन सुरू करावे. आमिष म्हणजे मिठात मुरविलेले हेरिंगसारखे मासे. त्यांचा वास कपड्यांतून आणि कातडीतून सहसा जात नाही, आणि शेवंडवाल्याच्या घरातील माणसांनी तो केव्हाच पत्करलेला असतो. होडी वीस ते तीस फुटांची. तिच्या उजव्या कडेला दोर ओढणारी यंत्राची चकती, पाठीमागे मोकळा तळ आणि छपरावर ठळक दिसेल असा रंगीत बोया. प्रत्येक शेवंडवाल्याचे रंग परवान्यात नोंदलेले असतात. पाण्यावर तरंगणाऱ्या त्याच्या सगळ्या बोयांवर तेच पट्टे असावे लागतात, आणि होडीवरही त्याच रंगांचा बोया लावावा लागतो. समुद्रावर हजारो बोये पसरलेले असतात, परंतु कोणता कोणाचा हे बंदरातले पोरही सांगू शकते.

बोयाखाली दोर, आणि दोराच्या टोकाला तळाशी सापळा. पूर्वी हा सापळा ओक लाकडाच्या पट्ट्यांचा असे. गेल्या चार-पाच दशकांत प्लॅस्टिकचा लेप दिलेल्या तारेच्या जाळीचा झाला आहे. तो सुमारे चार फूट लांब असतो आणि बुडावा म्हणून त्यात विटा बांधतात. आत दोन खोल्या. पहिलीला शेवंडवाले स्वयंपाकघर म्हणतात, कारण आमिषाची पिशवी तेथे टांगलेली असते, दुसरीला दिवाणखाना. शेवंड वासाने येते, विणलेल्या नरसाळ्यातून स्वयंपाकघरात शिरते, खाते, आणि बाहेर पडण्याच्या खटपटीत दिवाणखान्यात जाऊन बसते. निदान शेवंडवाल्यांची समजूत अशी होती. न्यू हॅम्पशायर विद्यापीठाच्या संशोधकांनी सापळ्यावर कॅमेरा बसवून पाण्याखालचे दृश्य टिपले, आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाने या समजुतीला चांगलाच धक्का दिला. आत शिरलेल्या शंभर शेवंडींपैकी चौऱ्याण्णव पुन्हा बाहेर निघून गेल्या होत्या. सापळा म्हणजे कैदखाना नव्हे; ती एक खाणावळ आहे आणि दोर ओढला जातो त्या क्षणी जी पानावर बसलेली असेल ती सापडते, असेच म्हणावे लागेल. शिवाय सापळ्याला मुद्दाम ठेवलेली एक फट असते, तीतून लहान शेवंडी निसटू शकतात. सापळा समुद्रात हरवलाच, तर काही काळाने कुजून गळून पडेल असा एक भागही त्यात बसवावा लागतो. तसे नसते तर धनी नसलेला सापळा तळाशी वर्षानुवर्षे मारीत राहिला असता.

बोया आकडीने वर घ्यायचा, दोर चकतीत घालायचा, वीसएक किलोंचा सापळा कडेवर ओढायचा, उघडायचा, रिकामा करायचा, नवे आमिष लावायचे आणि पुन्हा सोडायचा. एकटा माणूस हे दिवसातून दीडशे-दोनशे वेळा करतो. कष्ट एवढेच असते तर हा व्यवसाय इतर अनेक व्यवसायांसारखाच ठरला असता. त्याचे वेगळेपण सापळा उघडल्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात आहे.

शेवंडवाल्याजवळ पितळेचे एक माप असते. त्याची एक बाजू शेवंडीच्या डोळ्याच्या खोबणीत टेकवून पाठीच्या कवचाच्या मागच्या कडेपर्यंत लांबी पाहतात. ती सव्वातीन इंचांहून कमी भरली तर शेवंड परत पाण्यात. पाच इंचांहून अधिक भरली तरीही परत पाण्यात, कारण मोठ्या शेवंडी या वंशाच्या आधारस्तंभ होत. नंतर तिला उलटे करून पाहायचे. पोटाखाली काळसर हिरव्या दाण्यांचे घोस चिकटलेले दिसले, तर ती अंडीवाली मादी. ही अंडी ती नऊ ते अकरा महिने वागविते. लहान मादीजवळ ती सात-आठ हजार असतात, थोराड मादीजवळ लाखाच्या आसपास. अशी मादी ठेवता येत नाही. परंतु तिला नुसते सोडूनही चालत नाही. तिच्या शेपटीचा जो पंखा असतो, त्याच्या मधल्या पात्याशेजारच्या उजव्या पात्यात शेवंडवाला एक त्रिकोणी खाच पाडतो आणि मग तिला समुद्रात टाकतो. पुढच्या वर्षी ती दुसऱ्या कोणाच्या सापळ्यात सापडेल. त्या वेळी पोटाखाली अंडी नसतील, माप जुळेल, बाजारात तिचे चांगले पैसेही येतील. पण खाच दिसली की तिला सोडावेच लागते. कात टाकताना खाच हळूहळू भरून येते, म्हणून अंडी घेऊन ती पुन्हा सापडली की कोणीतरी खाच ताजी करतो.

होडीत माणूस एकटा. किनारा धुक्याआड. सागरी गस्तीचे अधिकारी एवढ्या लांबलचक किनाऱ्याला मूठभर. पैशाची निकड असलेल्या दिवशी खाच असलेली मादी टोपलीत टाकली, तर ते पाहणार कोण? आणि तरीही दिवसभरात वर आलेल्या शेवंडींचा मोठा भाग परत पाण्यात जातो. ही खाच म्हणजे एका अनोळखी माणसाने दुसऱ्या अनोळखी माणसाला पाठविलेला निरोप आहे.

ही शिस्त काही उपजत आलेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मेनमध्ये शेवंड डबाबंद करण्याचे कारखाने निघाले. प्रथम त्यांना मोठ्या शेवंडी मिळत. पुढे पुढे अगदी लहानही चालू लागल्या. आकाराचे कायदे कडक होत गेले आणि त्या शतकाच्या अखेरीस कारखाने बंद पडले. अंडीवाल्या माद्यांवरची बंदी १८७२ सालची. शेपटीला खूण करण्याची पद्धत १९१७ च्या सुमारास राज्य सरकारच्या एका योजनेतून निघाली. शेवंडवाल्यांनी ती आपखुशीने उचलून धरली. नंतर ती नियमांतही आली. मोठ्या शेवंडींना अभय देणारी वरची मर्यादा १९३३ साली आली, आणि ते दशक तर अत्यंत मंदीचे, समुद्रातही आणि बाजारातही. खायला पुरेसे नाही अशा काळात आलेला हा नियम मेनच्या शेवंडवाल्यांनी आजवर जपला, हे विशेष.

याच्या उलट गोष्ट घडली ती मुंबईजवळच्या समुद्रात. पसरट डोक्याची, वाळूत राहणारी एक शेवंड तेथे ट्रॉलरच्या जाळ्यांत भरपूर येत असे. ऐंशीच्या दशकाच्या प्रारंभी तिचे उत्पन्न शेकडो टनांत होते. १९९४ पर्यंत ते जवळजवळ नाहीसे झाले. तळ खरवडणाऱ्या जाळ्यात अंडीवाली आणि बिनअंडीवाली अशी निवड होत नाही, आणि वर येईपर्यंत परत सोडण्याजोगे फारसे काही जिवंत उरत नाही. भारत सरकारने २००३ साली निर्यातीच्या शेवंडीसाठी किमान वजने ठरविली. नियम योग्यच, पण तो लागू होतो निर्यातीच्या वेळी, म्हणजे शेवंड पकडल्यानंतर. मेनमध्ये ट्रॉलरने पकडलेली शेवंड उतरविण्यासच बंदी आहे. सापळ्याचा मोठा गुण हा की त्यातून निघालेला प्राणी जिवंत असतो आणि माणसाला विचार करायला अवधी मिळतो.

अर्थात हे शेवंडवाले साधुसंत नव्हेत. जेम्स अ‍ॅचिसन या मानववंशशास्त्रज्ञाने त्यांच्यात वावरून १९८८ साली एक पुस्तक लिहिले आणि त्याच्या नावातच त्यांना ‘टोळ्या’ म्हटले. प्रत्येक बंदराची समुद्रातील हद्द ठरलेली, कोणत्याही कायद्यात न लिहिलेली. परका माणूस तीत सापळे टाकू लागला, तर प्रथम त्याच्या बोयावर दोराच्या दोन गाठी मारून ठेवतात. तेवढ्याने समज आली नाही, तर एके दिवशी त्याचे दोर कापलेले आढळतात. मात्र ज्याला आपल्या हद्दीतली मादी उद्याही आपल्याच हद्दीत सापडेल असा भरवसा आहे, तोच तिला आज सोडतो. दोर कापणारा हात आणि खाच पाडणारा हात एकच असतो. पुढे १९९५ च्या कायद्याने किनाऱ्याचे सात विभाग पाडून शेवंडवाल्यांनी निवडलेल्या मंडळांना नियम ठरविण्यात वाटा दिला. आज परवानाधारकास साधारणतः आठशेहून अधिक सापळे टाकता येत नाहीत, आणि परवाना एखाद्या कंपनीला नव्हे, तर होडी स्वतः चालविणाऱ्या माणसालाच मिळतो.

या एकटेपणाची किंमत कधी कधी भयंकर असते. सापळा पाण्यात सोडला की त्यामागोमाग पायाशी पडलेल्या दोराची वेटोळी सळसळत जातात. त्यात पाय अडकला तर सापळा माणसाला घेऊन तळाकडे निघतो, आणि होडी इंजिनच्या तालावर पुढे चालू लागते. म्हणून अनुभवी शेवंडवाला हाताशी सुरी ठेवतो. न्यूयॉर्क राज्यातील मोंटॉक बंदराचा जॉन ऑल्ड्रिज जुलै २०१३ मध्ये रात्री काम करताना समुद्रात पडला. त्याने पायांतले रबरी बूट काढून उलटे केले, हवा भरून काखेत धरले, आणि सुमारे बारा तासांनी तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरने त्याला उचलले. परंतु त्याच्या होडीवर झोपलेले सोबती होते. त्यांनी जागे होऊन वर्दी दिली. एकट्याच्या होडीवर वर्दी देणारे कोणी नसते. संध्याकाळी धक्क्यावर एक होडी कमी आहे हे कोणाच्या तरी लक्षात यावे लागते.

दराचेही तसेच. २०१२ साली समुद्र लवकर तापला, शेवंडींनी वेळेआधी कात टाकली, सापळे भरभरून आले, आणि भाव पौंडाला पावणेतीन डॉलरच्या खाली घसरला. २०२१ मध्ये तोच साडेसहा डॉलरच्या वर होता. पीक उत्तम आणि शेतकरी हवालदिल, हा अनुभव विदर्भातील कापूस पिकविणाऱ्यालाही सांगावा लागणार नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यापासून ऐंशीच्या दशकापर्यंत मेनचे उत्पन्न वर्षाला सुमारे ९० लाख किलो असे. २०१६ साली ते ६ कोटी किलोंवर गेले. हे सारे त्या खाचेचे श्रेय म्हणणे सोपे आहे, पण पूर्ण खरे नाही. शेवंडीची पिल्ले खाणारा कॉड मासा अतिरेकी मासेमारीने घटला होता, आणि पाणी जरा उबदार झाले ते पिल्लांना मानवले. त्याच उबेने दक्षिणेकडील लाँग आयलंडच्या सामुद्रधुनीत, जेथे १९९९ साली शेवंडींचा प्रचंड संहार झाला होता, हा व्यवसाय पुन्हा उभा राहू दिला नाही. दोन्हीकडे समुद्र तापला. पण ज्या किनाऱ्याने माद्या राखल्या होत्या तो तरला, असा २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष आहे. आता मेनच्याही पाण्याची उब मानवण्याच्या पलीकडे चालली आहे. २०२४ साली उत्पन्न ४ कोटी किलोंच्या खाली आले. शिवाय बोयांच्या दोरांत उत्तर अटलांटिकचा राइट देवमासा अडकण्याचा धोका असतो, आणि असे देवमासे जगात चारशेहूनही कमी उरले आहेत. नव्या कडक नियमांना अमेरिकी काँग्रेसने २०२२ च्या अखेरीस सहा वर्षांची स्थगिती दिली. ज्याने शंभर वर्षे मादीला अभय दिले, त्याच्याच दोरावर दुसऱ्या एका प्राण्याच्या नाशाचा आरोप यावा, हे त्याला सहजी पचत नाही.

शरद ऋतू संपला की शेवंडी खोल पाण्याकडे सरकतात. मोठ्या होड्या त्यांच्या मागे जातात. लहान होडीवाला सापळे किनाऱ्यावर आणून घराशेजारी रचतो. हिवाळा जाळ्या विणण्यात आणि बोये रंगविण्यात जातो. पुष्कळ घरांत बापाचेच रंग मुलगा किंवा मुलगी पुढे चालविते. कायद्याने आठ वर्षांच्या मुलालाही दहा सापळ्यांचा विद्यार्थी-परवाना मिळतो. उन्हाळ्यात ते मूल लहानशा होडीतून पहिला सापळा ओढते, शेवंड दोन्ही हातांनी धरते, आणि माप हातात घेण्यापूर्वी तिला उलटी करून पाहते.