गालिच्यांवरील डाग काढणे
गालिचा, सतरंजी वा जाजम यांच्या तंतूंत शिरलेले रंगद्रव्य वा स्निग्ध पदार्थ, मूळ रंग व वीण यांस इजा न होता काढून टाकण्याची क्रिया. तिची रीत डागाचे स्वरूप व तंतूचा प्रकार यांवरून ठरते.

तंतूंची ओळख : कडेचा धागा जाळल्यास लोकरीला जळक्या केसांचा व सुताला जळक्या कागदाचा वास येतो, बहुतेक कृत्रिम तंतू वितळून त्यांचा कठीण मणी बनतो. लोकर व रेशीम हे प्रथिन तंतू असल्याने तीव्र क्षार व सोडियम हायपोक्लोराइट यांनी त्यांचा नाश होतो. सूत क्षारांत बरेच टिकते.

सामान्य पद्धती : ताजा डाग पांढऱ्या सुती फडक्याने कडेकडून मध्याकडे टिपून घेतात. चोळल्यास तो पसरतो व लव विस्कटते. कोणताही विद्राव प्रथम न दिसणाऱ्या कोपऱ्यावर तपासून पाहतात. प्रक्षालकाचा अंश राहिल्यास तेथे धूळ चिकटते. म्हणून शेवटी स्वच्छ पाण्याने टिपणे आवश्यक असते.

विशिष्ट डाग : रक्त, दूध व अंडे यांस थंड पाणीच वापरतात; उष्णतेने प्रथिन साकळून डाग पक्का होतो. चहाच्या डागास पातळ केलेला पांढरा शिरका उपयोगी पडतो. तेलावर शंखजिऱ्याची पूड पसरून काही तासांनी झाडतात. हळदीतील कुर्क्युमीन क्षारामुळे तांबडे होते, म्हणून साबण लावताच हळदीचा डाग लाल दिसतो. सूर्यप्रकाशाने तो फिका पडतो. शाईच्या लेखणीचा डाग स्पिरिटाने टिपतात.

पावसाळी डाग : ठाणे, कल्याण व डोंबिवली येथे जून ते सप्टेंबर या काळात हवा दमट व ऊन तुरळक असते. ओला गालिचा एकदोन दिवसांत न वाळल्यास त्यावर बुरशी धरू लागते. म्हणून तेथे कमीत कमी पाणी वापरून गालिचा पंख्याखाली, दोन्ही बाजूंनी वारा लागेल असा उंच टांगून वाळवितात. कोरडा चिखल आधी झाडून मगच डाग ओला करतात. २६ जुलै २००५ रोजीच्या अतिवृष्टीत उल्हास नदीला पूर येऊन कल्याण व बदलापूर परिसरातील वस्त्यांत पाणी शिरले होते. अशा पुराच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेले असल्याने लेप्टोस्पायरोसिससारख्या रोगांचा धोका असतो. त्यात भिजलेली सुती सतरंजी हातमोजे घालून, उकळत्या पाण्याने धुऊन वापरता येते. जाड अस्तराचा गालिचा मात्र टाकून देणेच इष्ट.

दक्षता : हायपोक्लोराइटात शिरका वा अन्य अम्ल मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो; अमोनियाशीही त्याचे मिश्रण घातक ठरते. बंद सदनिकेत हे विशेष धोक्याचे असल्याने एका वेळी एकच द्रव्य वापरावे, खिडक्या उघड्या ठेवाव्यात व स्पिरिट विस्तवापासून दूर ठेवावे.