जात्यावर टिकलेला इतिहास

महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी पाण्याच्या हक्कासाठी झालेल्या सत्याग्रहात काय घडले, ते जुन्या वर्तमानपत्रांत, कोर्टाच्या कागदांत आणि चरित्रांत सापडते. पण खेड्यातल्या, शाळेची पायरीही न चढलेल्या बाईला डॉ. बाबासाहेब आंबेडकर घरचे माणूस कसे वाटू लागले, ते जात्यावरच्या ओव्यांतच कळते. पहाटे खुंटा धरून दोघी समोरासमोर बसत; एकीने ओवी उचलली की दुसरी पुढे नेई, आणि शेजारी बसलेली लेक ती न शिकवता शिके. भाऊ, माहेर, विठ्ठल जिथे यायचे, तिथेच, त्याच चालीत भीमराव आणि त्यांच्या पत्नी रमाबाई आले. घटना केवळ मोठी आहे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या टिकत नाही. कुणीतरी तिला नात्यात घ्यावे लागते आणि रोजच्या कामात म्हणता येईल असे रूप द्यावे लागते, असे मला वाटते.

ओवीला तारीख नसते आणि कौतुकात अतिशयोक्ती होते, हा आक्षेप खरा आहे. तळ्याच्या दाव्याचा निकाल कधी लागला हे ओवीला विचारू नये. त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाचा १९३७ चा निकाल आहे. मात्र त्या लढ्याने बाईच्या मनात स्वतःविषयी काय बदलले, याचा पुरावा निकालपत्र देऊ शकत नाही. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. घरची आठवण सोयीचीही असते. पूर्वजांनी सोसलेले घरात सांगितले जाते, त्यांनी दुसऱ्याला पाणवठ्यावरून हाकलले असेल तर ते सहसा सांगितले जात नाही. म्हणून एकाच घराच्या आठवणीवर विसंबता येत नाही. वेगवेगळ्या वस्त्यांतल्या आठवणी शेजारी ठेवून वाचाव्या लागतात. हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हाँ या अभ्यासकांनी गावोगावच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्यांचे मोल इथे कळते. गाणारीचे नाव, गाव आणि जातही नोंदवलेली असल्याने कोणत्या वस्तीत कुणाची आठवण गायली गेली, हे ताडून पाहता येते.

पिठाची गिरणी आली, बायकांचे कष्ट वाचले, आणि ते वाचायलाच हवे होते. ध्वनिमुद्रणांमुळे जुन्या ओव्याही राहिल्या, पण त्यांत आता नवे नाव क्वचितच गुंफले जाते. ते काम वामनदादा कर्डकांसारख्या लोककवींनी जोपासलेली भीमगीते आजही करतात. फरक एवढाच, की ती बहुधा मंचावरून ऐकायची असतात, आणि ओवी मात्र गाणाऱ्या बाईची स्वतःची होती.