आबांची पिशवी मोजली का?

वीकेंड म्हटलं की आपले प्लॅन ठरलेले. लोणावळा, मॉल, नाहीतर नुसतं लोळणं. त्या शुक्रवारी मात्र मी पुण्याहून रात्रीची ट्रॅव्हल्स पकडून थेट घरी चिखलीला गेलो, बुलढाणा जिल्ह्यात. कारण, आबा पहाटे उठताना चक्कर येऊन पडले होते. वय 78. हाड वाचलं, नशीब!

"मले काय धाड भरली?" आबा खाटेवरून म्हणाले. घरात सगळ्यांचं एकच मत, 'वय झालं आता.' मीही मान डोलावली असती, पण आजीने औषधांची पिशवी पलंगावर उपडी केली. बीपीच्या दोन, शुगरच्या दोन, लघवी साफ होण्याची, झोपेची, गुडघ्यांसाठी पेनकिलर, तिने पोट बिघडू नये म्हणून ॲसिडिटीची आणि मेडिकलमधून परस्पर आणलेली सर्दीची. एकूण नऊ! चिठ्ठ्या तीन डॉक्टरांच्या. एकाचं दुसऱ्याला माहीत नाही.

ऑफिसात आपण प्रोजेक्टची रिस्क आधीच काढतो ना? इथेही काढता येते. 2010 मध्ये युरोपातल्या डॉक्टरांनी 'जेरोन्टोनेट' स्कोअर मांडला, रुग्णालयात दाखल झालेल्या पासष्टीपुढच्या पेशंटसाठी. एकूण गुण 10. आठ किंवा जास्त औषधं असली की थेट 4. आधी कधी रिॲक्शन आली असेल तर 2. हार्ट फेल्युअर, लिव्हरचा आजार, किडनीचा आजार, चार किंवा जास्त दुखणी, यांचा प्रत्येकी 1. स्कोअर चार झाला की सावध! तो चुकतोही, आणि घरी बसून निदान करायला तो नाहीच. पण सगळ्यात वजनदार प्रश्न कोणता, ते कळलं. गोळ्या किती?

असं का होतं? वयाबरोबर किडनीचं काम मंदावतं आणि बरीच औषधं अंगात जास्त वेळ राहतात. त्यात स्नायू कमी झालेले, म्हणून क्रिएटिनिनचा रिपोर्ट नॉर्मल दिसून फसवतो. बीपीच्या काही गोळ्या, लघवीची गोळी आणि पेनकिलर हे त्रिकूट किडनीला जड जातं. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन तर साधं वाटतं, पण म्हाताऱ्या माणसांना त्याने गुंगी येते, गोंधळ उडतो, लघवी अडकते. अमेरिकेत डॉ. मार्क बीअर्स यांनी 1991 मध्ये वृद्धांनी शक्यतो टाळायच्या औषधांची यादी केली. 2023 मध्ये सुधारलेल्या त्या यादीतही हे औषध आहे.

सोमवारी सुट्टी टाकली आणि आख्खी पिशवी घेऊन फिजिशियनकडे गेलो. त्यांनी आबांचं बीपी झोपवून आणि उभं करून मोजलं, किडनीची तपासणी सांगितली. सर्दीची आणि पेनकिलर बंद, त्यामुळे ॲसिडिटीचीही गरज संपली. झोपेची मात्र हळूहळू कमी करायची, एकदम नाही. नवाच्या पाच!

तेव्हा बॉस, मनाने एकही गोळी थांबवू नका. घरी गेलात की फक्त पिशवी उपडी करा, यादी लिहा, डॉक्टरांना दाखवा. रिॲक्शनची शंका आली तर 2010 पासून चालणाऱ्या भारतीय औषध-दक्षता कार्यक्रमाची 1800-180-3024 ही टोल-फ्री हेल्पलाइन आहे. तिथे पेशंटही तक्रार नोंदवू शकतो.

निघताना आबांनी विचारलं, "हे तुह्या कम्प्युटरनं सांगतलं का रे?"

"नाही आबा, बोटांवर मोजलं."