वकिलीची उमेदवारी: चार आठवडे बोईसरला

परीक्षा संपल्या की कायद्याच्या विद्यार्थ्यांची धावपळ सुरू होते ती उमेदवारीसाठी. आता तिला इंटर्नशिप म्हणतात. बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात 12 आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात 20 आठवडे ती करावीच लागते. मात्र एका वर्षात सलग चार आठवड्यांहून अधिक नाही. बहुतेकांची नजर फोर्टमधील बड्या कचेऱ्यांकडे असते. घरात वकिलीची परंपरा नसलेल्या आपल्या मुलामुलींची तेथे ओळख कोण करून देणार? पण याच नियमांत स्वयंसेवी संस्थांचेही नाव आहे. आणि गरिबांचा कायदा शिकायचा तर पालघर-बोईसरसारखी शाळा नाही.

तारापूर औद्योगिक वसाहतीत 11 जानेवारी 2020 रोजी एका रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन 8 जणांचा बळी गेला. अशा बातम्या दोन दिवस छापून येतात. घरच्यांची लढाई मात्र त्यानंतर सुरू होते. पुष्कळदा कामगार ठेकेदाराचा असतो, हजेरी ठेकेदाराच्या वहीत असते आणि वही सापडत नाही.

1923 च्या कायद्याने घालून दिलेली भरपाईची रीत 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. कामावर मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचे. वय 30 असेल तर हा आकडा 207.98. वेतन 15,000 रुपये सिद्ध झाले तर भरपाई 15,59,850 रुपये. 10,000 च सिद्ध झाले तर 10,39,900. म्हणजे एका पगारचिठ्ठीची किंमत पाच लाखांच्या वर! शिवाय दावा दोन वर्षांच्या आत दाखल व्हावा लागतो. ई.एस.आय. लागू असेल तर मार्ग वेगळा. तेव्हा प्रथम तेच तपासायचे.

येथेच विद्यार्थ्याचा उपयोग होतो. गेटपास, बँकेचे पासबुक, वयाचा दाखला, पंचनाम्याची प्रत जमवायची. सोबतच्या कामगारांचे म्हणणे लिहून घ्यायचे. पूर्वेच्या डोंगरपट्ट्यात काम निराळे, पण जात तीच. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासूनचा जमिनीचा ताबा दाखवावा लागतो, आणि त्यासाठी गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा ठरतो. तो नीट लिहिणारा हात हवा.

पालक विचारतील, पैसे किती मिळणार? पुष्कळ ठिकाणी काहीच नाही, म्हणून आधीच विचारून घ्यावे. 2013 पासून डहाणूपर्यंत लोकल धावते. विरार-नालासोपाऱ्याच्या मुलाला रोज जाऊन-येऊन करता येईल. मुलीला मुक्काम करायचा असेल तर सोय कोठे, सोबत कोण, हे आई-वडिलांनी स्वतः पाहावे. कोणत्या वकिलांच्या हाताखाली काम आहे आणि शेवटी प्रमाणपत्र मिळेल का, हेही विचारावे. विद्यार्थ्यांनीही दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सनद मिळेपर्यंत आपण वकील नाही, म्हणून परस्पर सल्ला देऊ नये; आणि पक्षकाराचे दुःख चहाच्या टपरीवर बोलू नये.

या चार आठवड्यांची शिदोरी वस्तीलाही उपयोगी पडते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 प्रमाणे अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया, मुले आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो. 15100 या क्रमांकावर विचारणा करता येते. आपल्या किती घरांना हे ठाऊक आहे?

बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1956 साली मुंबईत सिद्धार्थ विधी महाविद्यालय काढले आणि कायद्याच्या वर्गाचे दार आपल्याला उघडे झाले. त्या वर्गातून बाहेर पडणारी वाट बोईसरच्या कामगार चाळीपर्यंत नेणे हे आजच्या विद्यार्थ्यांचे काम आहे. या सुट्टीत निदान एक अर्ज तिकडे जाऊ द्या!