सहाबारी पिस्तूल आणि रानडुकराची शिकार

आश्विन उजाडला कीं भोर-वेल्ह्याच्या डोंगरउतारावरील भातखाचरें पिवळीं पडूं लागतात आणि त्याच सुमारास शेतकऱ्याची झोप उडते. दिवसा रानांत दडलेलीं डुकरें रात्रीं कळपानें खाचरांत उतरतात. तीं खातात थोडें, तुडवितात व उकरतात फार. चार महिने चिखलांत राबून उभें केलेलें पीक दोन रात्रींत आडवें होतें. माळ्यावर बसून डबा वाजविणें, गोफण फिरविणें, शेकोटी पेटविणें हे उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. परंतु जनावरही आवाजाला लवकरच सरावतें.

पानशेत, गुंजवणी व भाटघर या जलाशयांच्या आसपास पुण्याच्या पुष्कळ कुटुंबांनीं आतां घरें बांधलीं आहेत. त्यांतील एखाद्या गृहस्थाजवळ स्वसंरक्षणाच्या परवान्याचें रिव्हॉल्व्हर असतें. शेजारचा शेतकरी एखादे दिवशीं सहज म्हणतो, "दादा, तुमच्याकडं पिस्तूल हाय न्हवं? मग घाला की डुकराला एक बार!" विनंती साधी दिसते. तथापि तिला होकार देण्यापूर्वीं हें शस्त्र काय करूं शकतें, समोरचें जनावर कसें आहे आणि कायदा काय म्हणतो, या तीन गोष्टी समजून घेणें अवश्य आहे.

रिव्हॉल्व्हर, म्हणजे जुन्या बोलींतलें सहाबारी पिस्तूल, हें शिकारीसाठीं जन्मलेलें शस्त्र नव्हे. अमेरिकेंत सॅम्युअल कोल्ट यानें १८३६ सालीं ज्याचें पेटंट घेतलें तें हें हत्यार माणसामाणसांतील जवळच्या झटापटीसाठीं होतें. इंग्रजी अमलांत वाघाच्या शिकारीस जाणारे साहेब लोक हत्तीच्या हौद्यांत जाड नळ्यांचें पिस्तूल ठेवीत. परंतु तें वाघ मारण्यासाठीं नव्हे, तर जखमी वाघ हत्तीवर चढून आला तर शेवटचा उपाय म्हणून. शिकार रायफलीनें होई. पिस्तूल फक्त जीव वाचवी.

पुढें अमेरिकेंत हें चित्र कांहीसें पालटलें. तेथें १९३५ सालीं ०.३५७ इंची व १९५५ सालीं ०.४४ इंची 'मॅग्नम' काडतुसें निघालीं आणि रिव्हॉल्व्हरनें हरिण किंवा डुक्कर मारण्याचा शौक वाढला. तेथील अनेक संस्थानांत तो आजही कायदेशीर आहे. मात्र त्या शिकाऱ्यांचें शस्त्र निवडण्याचें शास्त्र काटेकोर आहे. पहिली गोष्ट काडतुसाची: तें जनावराच्या अंगमानाला पुरेसें हवें. दुसरी नळीची: ती सहा इंच किंवा त्याहून लांब असावी, कारण लांब नळींत गोळीस वेग अधिक मिळतो आणि मागची खांच व पुढची माशी यांतील अंतर वाढून नेम नेटका धरतां येतो. तिसरी वजनाची: हलक्या शस्त्राचा झटका फार बसतो व पुढच्या बाराला हात कांपतो.

वापरण्याचे नियमही तितकेच कडक आहेत. शस्त्र दोन्ही हातांनीं धरावें, शक्य तेथें मनगटास टेकू द्यावा. घोडा अंगठ्यानें आधीं चढवून मग चाप हळूच दाबावा, म्हणजे नेम ढळत नाहीं. चक्री व नळी यांमधील फटींतून तप्त वायु जोरानें बाहेर पडतो, म्हणून तेथें बोट येऊं देऊं नये. उघड्या माशीवर नेम धरणारा जाणता शिकारी साधारणतः पन्नास मीटरांपलीकडे बार टाकीत नाहीं. हात तितका बसलेला नसेल तर तो त्याहून जवळची मर्यादा स्वतःस घालून घेतो. गोळी पुढच्या खांद्यामागें, काळीज व फुफ्फुसें जेथें असतात तेथेंच लागली पाहिजे. तशी लागेल अशी खात्री नसेल तर बार न टाकणें हीच तेथें शिकाऱ्याची परीक्षा समजतात.

आतां आपल्याकडील गृहस्थाच्या कपाटांतील शस्त्राकडे वळूं. आपल्या देशांत परवान्यावर मिळणारें परिचित रिव्हॉल्व्हर म्हणजे कानपूरच्या सरकारी कारखान्याचें ०.३२ इंची. त्याची नळी आंखूड, सुमारें तीन इंचांची. गोळी साधारण साडेसहा ग्रॅमची असून तिच्या अंगीं सुमारें १५० ज्यूल शक्ति असते. उलट ०.४४ मॅग्नमच्या गोळींत सुमारें १३०० ज्यूल आणि बारा बोअरच्या बंदुकीच्या एकगोळी काडतुसांत ३००० च्या आसपास ज्यूल शक्ति असते. म्हणजे ज्या शस्त्राकडे शेतकरी आशेनें पाहतो त्याचें बळ शिकारी रिव्हॉल्व्हरच्या अष्टमांशाइतकेंच भरतें.

आणि समोर कोण? वाढलेला नर डुक्कर शंभर किलोच्याही वर भरतो. त्याच्या खांद्यावर कातडीखालीं चिवट कूर्चेची जाड ढाल असते. अशा ढालीवर दुबळी गोळी बसली तर जनावर मरत नाहीं, घायाळ होऊन जाळींत शिरतें. तें तेथें कित्येक दिवस तडफडतें. किंवा सकाळीं गवत कापावयास गेलेल्या बाईवर सुळे परजून येतें. बार टाकणारा तोंवर पुण्यास परतलेला असतो.

भोर-वेल्ह्याची भूमीही या खेळास अनुकूल नाहीं. तोरणा-राजगडाच्या पायथ्याशीं, रायरेश्वराच्या कुशींत किंवा वरंधा घाटाच्या वाटेवर सपाट मैदान थोडें. कातळ, कारवी व वळणाच्या वाटा फार. खडकावर आपटलेली गोळी कोणत्या दिशेस उडेल याचा नेम नाहीं, आणि चुकलेली गोळी कित्येकशें मीटर जाते. सुगीच्या रात्रीं तर शेजारच्या प्रत्येक माळ्यावर कोणी ना कोणी जागत बसलेलें असतें. अंधारांत हललेलें झुडूप हें डुक्करच असेल असें कोणी सांगावें?

कायद्याची बाजू याहून स्पष्ट आहे. भोर संस्थान १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. त्या काळच्या शिकारीच्या गोष्टी घरोघरीं रंगवून सांगितल्या जातात; पण तो काळ गेला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस बंधन घातलें आणि १९९१ च्या दुरुस्तीनें शिकारीचे परवाने देण्याची तरतूदच काढून टाकली. रानडुक्करही त्या कायद्याच्या कक्षेंत आहे. उभ्या पिकास उपद्रव होत असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनीं अधिकार दिलेला अधिकारी कारणें नमूद करून लेखी हुकूम देऊं शकतो. त्या हुकुमावांचून टाकलेला बार हा गुन्हा होय. हुकुमानें मारलेलें जनावरही सरकारच्या मालकीचें ठरतें. त्याचें मटण वांटून घेतां येत नाहीं. जीव वाचविण्यासाठीं सद्भावनेनें जनावर मारणें गुन्हा नाहीं हें खरें. परंतु जो स्वतःच कायदा मोडून शिकारीस निघाला होता, त्याला ही सवलत मिळत नाहीं. म्हणजे चोरून टाकलेल्या बारानें घायाळ झालेलें डुक्कर उलटून आलें, तर कायदाही त्या गृहस्थाच्या पाठीशीं उभा राहत नाहीं.

१९५९ च्या शस्त्र कायद्यानेंही हा विवेक दाखविला आहे. पिकाच्या राखणीसाठीं त्यानें ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख केला आहे. संरक्षण वा खेळ यांसाठीं वीस इंचांहून कमी नसलेल्या गुळगुळीत नळीची बंदूक सांगितली आहे. रिव्हॉल्व्हर या दोहोंत बसत नाहीं. स्वसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे.

मग शेजाऱ्यास नुसता नकार द्यावयाचा काय? तसें केल्यास शेजारधर्म उरणार नाहीं. शिकल्यासवरल्या गृहस्थास पिस्तुलापेक्षां लेखणीनें अधिक साह्य करतां येतें. नुकसान दिसतांच वनखात्यास खबर देऊन पंचनामा करविणें, भरपाईचा अर्ज लिहून देणें, उपद्रव फारच असेल तर लेखी हुकुमासाठीं रीतसर मागणी करणें, आणि चार शेतकरी मिळून सौर कुंपण घालीत असतील तर त्यांत आपला वांटा उचलणें, हीं कामें त्याच्या आवाक्यांतील आहेत. तारेंत घरची वीज सोडण्याचा किंवा गांवठी बॉम्ब पेरण्याचा बेत कानावर आला तर तो तेथेंच मोडावा. त्या उपायांनीं गुरें व माणसें प्राणास मुकलीं आहेत.

रिव्हॉल्व्हर कुलपांत आणि काडतुसें वेगळ्या कुलपांत ठेवून तो गृहस्थ एखाद्या रात्रीं शेतकऱ्याबरोबर माळ्यावर जाऊन बसला, बत्ती धरली, डबा वाजविला, तर पुढच्या खेपेस पिस्तुलाची गोष्ट निघणार नाहीं. खाचरांतील आंबेमोहराची निघेल.